आत्याची सांडशी, बाबांची बादली

आमच्या घरात गरम वस्तू ठेवायला जागा नव्हती. तशी थंड वस्तू ठेवायलाही नव्हती, पण थंड वस्तू कुठेही कोंबता येते. पलंगाखाली, माळ्यावर, दारामागे, नाहीतर बाबांची पेटी आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत. घाटकोपरला भटवाडीत, टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ होती आणि त्या चाळीत आमची एक खोली. अर्ध्या भिंतीच्या पलीकडे स्वयंपाक, त्याच्या कोपऱ्यात मोरी, आणि अलीकडे बाकीचा सगळा संसार. आईने प्रत्येक वस्तूला जागा नेमून दिली होती. तापलेला तवा मोरीच्या कठड्यावर, इस्त्री खिडकीतल्या कडाप्प्यावर. या दोन गरम वस्तू सोडून तिसरी गरम वस्तू घरात येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती तिसरी वस्तू शालू आत्याने आणली, आणि त्यापायी आमच्या घरात जे रामायण झालं ते आज सांगते.

शालू आत्या बाबांची धाकटी बहीण. तेव्हा तिशीची असेल. आमचं गाव मालवणजवळ. तिथे ती मोठ्या काकांकडे राहायची आणि काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या टरफलातून चीक निघतो, तो हाताला लागला की कातडी भाजते, सोलते आणि मग काळी पडते. आत्या पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मी तिची बोटं बघून घाबरले होते. दहाच्या दहा बोटांची टोकं जळकी, जणू नुकतीच चुलीतून काढलीत. ती आली होती दाढ काढायला. दाढ दोन दिवसांत निघाली, आत्या मात्र निघाली नाही. आधी औषध पुरं होऊ दे म्हणाली, मग सूज उतरू दे म्हणाली, आणि सूज उतरली तोवर तिने अंधेरीच्या एका ब्युटी पार्लरच्या क्लासात नाव घातलं होतं. वर्षभरात तिची बोटं हळूहळू मूळ रंगावर आली. ती मधूनच हात उन्हात धरून नखं बघत बसायची. आई म्हणायची, "नवरीसारखी काय बघतंस गो?" आत्या म्हणायची, "वहिनी, माझीच हत ना ता खात्री करतंय." लग्न करायचं नाही हे तिने एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं आणि बाबांनी तो विषय परत काढला नव्हता. बाबांचं हे एक बरं होतं. त्यांना वाद घालायला आवडायचं, पण फक्त नियमांवर.

आत्याच्या क्लासात मोनिका नावाची मैत्रीण होती. मनोरीची. रोज होडीने खाडी ओलांडून मार्व्याला आणि तिथून बसने अंधेरीला यायची, तरी आत्याच्या आधी क्लासात हजर. तिचा भाऊ जहाजावर होता. त्याने केस कुरळे करायच्या विजेच्या दोन टाँग आणल्या, त्यातली एक मोनिकाने आत्याला दिली. ती वस्तू घरी आली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. काळी मूठ, पुढे वीतभर चकचकीत नळी, नळीला वरून दाबून बसणारी पट्टी. सोबत एक कागद होता, त्याच्यावर कुठल्यातरी अगम्य लिपीत लिहिलेलं, पण चित्रं होती आणि प्रत्येक चित्रावर लाल फुली. आंघोळीचा टब, त्याच्यावर फुली. रांगणारं बाळ, त्याच्यावर फुली. पलंगाची गादी, फुली. बाबांनी चष्मा लावून तो कागद पेपर वाचावा तसा वाचला आणि म्हणाले, "टब आपल्याकडे नाही. बाळ नाही. गादी सकाळी गुंडाळतो. म्हणजे आपल्याला धोका नाही." आईने ती वस्तू हातात घेऊन दोनदा उघडझाप केली. "ही सांडशी," ती म्हणाली. आत्याने टाँग, टाँग असं खूप समजावलं, पण आमच्या घरात ती सांडशीच झाली आणि मीही तिला सांडशीच म्हणणार.

सांडशी तापायला पाच मिनिटं लागायची आणि थंड व्हायला अर्धा तास. सगळी गोम या अर्ध्या तासात होती. आत्याने शेजारपाजारच्या बायकांचे केस करायला सुरुवात केली. कपाटाच्या आरशासमोर स्टूल, दिव्याच्या होल्डरमधून काढलेली वायर, आणि काम झालं की हातात तापलेली सांडशी घेऊन आत्या खोलीच्या मधोमध उभी. "वहिनी, खंय ठेवू?" आई फोडणीत असायची. "ठेव माझ्या डोक्यार!" मग आत्या जिथे जागा दिसेल तिथे ठेवायची. स्टुलावर ठेवली, स्टुलाला तपकिरी पट्टा उमटला. मोरीच्या कठड्यावर ठेवली, साबणाच्या डबीचा कोपरा लोण्यासारखा वाकला. एकदा तिने डोकं चालवून ती खिळ्याला लटकवली. त्याच खिळ्याला वाण्याचं कॅलेंडर होतं. त्या महिन्याचे सगळे शनिवार जळाले. आईचे शनिवारचे उपवास असायचे, ती म्हणाली, "चला, या महिन्यात सुटले." हे सगळं चालून गेलं असतं, पण एका दुपारी आत्याने सांडशी ठेवली ती दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर. वर बाबांचा युनिफॉर्मचा शर्ट होता. टेरिकॉटचा. टेरिकॉट जळत नाही, वितळतं. संध्याकाळी बाबांनी शर्ट उचलला तर डाव्या खिशाला नळीच्या आकाराचं भोक, आणि कडा अशा घट्ट की जणू शिंप्याने काज करून दिलंय.

आता बाबांविषयी सांगायला हवं. गिरणी बंद पडल्यावर बाबांना एका रंगाच्या कंपनीत सिक्युरिटीची नोकरी लागली. रंगाची कंपनी म्हणजे आगीची भीती, म्हणून त्यांना तीन दिवस आग विझवायचं शिक्षण दिलं. त्याचं सर्टिफिकेट बाबांनी फ्रेम करून देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलं होतं, आणि आई हळदकुंकू वाहताना सवयीने त्यालाही बोट लावायची. त्या तीन दिवसांनी माणूस बदलला. बाबा काडेपेटी स्टोव्हपासून तीन फुटांवर ठेवायला सांगायचे. उदबत्ती लावली की ती विझेपर्यंत एका माणसाने घरात थांबायचं. असा माणूस, आणि त्याच्याच घरात, त्याच्याच खिशाला आगीने भोक पाडलेलं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी शर्ट उजेडाकडे धरून भोकातून बोट आरपार घातलं आणि आत्या भिंतीला टेकून उभी. मग म्हणाले, "शालू, गरम वस्तूला घर नसतं तेव्हा ती दुसऱ्याचं घर जाळते. हिला घर देऊ." हे वाक्य त्यांना शिक्षणात सांगितलेलं की त्यांचं स्वतःचं, मला कधी कळलं नाही.

घर म्हणजे वाळूची बादली. कंपनीत भिंतीला टांगलेल्या असतात तशी, लाल, वर पांढऱ्या अक्षरांत FIRE. बादली बाबांनी जुनी विकत आणून रंगवली. वाळू शेजारच्या बांधकामावर ढिगाने पडली होती, पण बाबा म्हणाले, ती दुसऱ्याची आहे. म्हणून एका रविवारी आम्ही चौघं मोनिकाच्या घरी मनोरीला गेलो. तिच्या आईने आम्हाला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली, येताना सगळे लोक सुके मासे घेऊन होडीत बसले, आणि बाबा मांडीवर वाळूची पिशवी घेऊन. होडीवाल्याने विचारलं, "काय हाय यात?" बाबा म्हणाले, "वाळू." तो समुद्राकडे बघून मग बाबांकडे बघत राहिला. घरी आल्यावर बाबांनी ती तीन पाण्यांतून धुतली, गच्चीत वाळवली, चाळून शंख काढले. हल्ली किनाऱ्यावरची वाळू उचलणं गुन्हा आहे म्हणे. बाबांना हे माहीत असतं तर ते ती पिशवी घेऊन स्वतः पोलीस चौकीत गेले असते.

पहिल्या दिवशी आत्याने सांडशी सरळ वाळूत खुपसली आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या केसांतून वाळू पडायला लागली. मग बाबांनी टाल्कम पावडरचा उंच पत्र्याचा डबा वरून कापून, कडा ठोकून गुळगुळीत करून तो वाळूत उभा पुरला. सांडशी डब्यात, डबा वाळूत, बादली खिडकीखाली, आणि वर बाबांच्या हस्ताक्षरात नियमांचा कागद. एक, काम झाल्यावर आधी बटण बंद, मग सांडशी डब्यात. दोन, वायर बादलीभोवती गुंडाळू नये. तीन, बादलीला घरातल्या कुणीही अन्य कारणासाठी हात लावू नये. खरं सांगायचं तर व्यवस्था झकास होती. मी तेव्हा आठवीत होते आणि शाळेतून आल्यावर बादलीला बाहेरून हात लावून बघायचे. बादली थंड, आत सांडशी धगधगतेय. मला त्याचं फार नवल वाटायचं.

आत्याचं काम वाढलं तशी चाळीत कुजबुजही वाढली. एकदा फ्यूज उडाला आणि सगळ्या मजल्याची रविवारची टीव्हीवरची फिल्म बुडाली. ते पाप सांडशीच्या नावावर पडलं. कुणीतरी कमिटीकडे तक्रार केली की आमच्या खोलीत विजेच्या यंत्राने बायकांचे केस जाळतात. कमिटीचे सेक्रेटरी तावडेकाका म्हणजे शिस्तीचा पुतळा. तेही आमच्याच बाजूचे, कणकवलीकडचे, पण कमिटीच्या खुर्चीत बसले की त्यांचं गाव त्यांना आठवत नसे. ते म्हणाले, श्रावणातल्या रविवारी पाहणी करू आणि तिथेच निर्णय देऊ. त्याच आठवड्यात गावाहून मोठ्या काकांचं कार्ड आलं. कार्ड वाचायचं काम माझं. काकांनी लिहिलं होतं की कारखाना परत जोरात चालू झाला आहे, शालूची जागा मालकाने ठेवली आहे, मुंबईत तिने पुरे दिवस काढले. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे. "गणपतीला चौघे या, परत तिघे जा."

मी कार्ड वाचून खाली ठेवलं. आत्या तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. बाबांना काका वडिलांसारखे. त्यांचा शब्द मोडायची आमच्या घरात पद्धत नव्हती. बाबा शेवटी म्हणाले, "भाऊला मी कळवतो, कमिटीने हो म्हटलं तर शालूला इथे धंदा आहे, ती राहील. नाही म्हटलं तर..." आत्या म्हणाली, "नाय म्हटलं तर मी जातंय, दादा." आणि ताटातला एक खडा उचलून तिने खिडकीतून बाहेर टाकला. मला तेव्हा तिची बोटं दिसली. गुलाबी, स्वच्छ, नखांना हलकासा रंग. मला रडू आलं आणि मी ते शाळेच्या गृहपाठावर ढकललं.

आता आईचा गुन्हा. आमच्याकडे गावाहून दर वर्षी फणसाच्या आठळ्या यायच्या. कोकणात उन्हाळ्यात फणस खाल्ला की आतल्या बिया फेकत नाहीत, धुऊन वाळवून वाळूत पुरून ठेवतात. मग पावसाळाभर त्या उकडायच्या, भाजीत घालायच्या, नाहीतर निखाऱ्यावर भाजायच्या. आई दर वर्षी त्या एका फुटक्या माठाच्या बुडात वाळू घालून ठेवायची. त्या वर्षी माठाचं बूड पुरतंच फुटलं आणि आई आठळ्यांची पिशवी हातात घेऊन घरभर बघत राहिली. खिडकीखाली बादलीभर वाळू. धुतलेली, वाळवलेली, चाळलेली. अशी वाळू तिच्या माहेरीही कुणाकडे नव्हती. नियम तीन तिला तोंडपाठ होता, पण आठळ्या पुरणं म्हणजे हात लावणं होतं का? तिने दुपारी घरात कुणी नसताना डब्याभोवती पन्नासएक आठळ्या खोल पुरल्या आणि वरून वाळू सारखी केली. आठवड्यातून दोनदा पाच-दहा काढायची. सांडशीच्या धगीने त्या कधी तडकल्या नाहीत, कारण आत्या नेमाने आधी बटण बंद करायची. आम्ही त्या आठळ्यांची सुकट घालून केलेली भाजी खायचो आणि बाबा म्हणायचे, "यंदा आठळ्या छान टिकल्या. कशात ठेवल्यास?" आई म्हणायची, "वाळूत."

रविवार उजाडला. आईने सकाळपासून घर लख्ख केलं. पाहणीसाठी कुणाचे तरी केस करून दाखवायचे होते, म्हणून शेजारच्या गायकवाडांची रंजना तयार झाली. रंजना नर्सिंगला होती, गायकवाड साताऱ्याकडचे, आणि तिला त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या रिसेप्शनला सांताक्रूझला जायचं होतं. "फुकटात कर्ल होत असतील तर कमिटी काय, मंत्री आला तरी बसते," ती म्हणाली. चार वाजता तावडेकाका वही घेऊन आले, त्यांच्यामागे कमिटीचे आणखी तिघं, आणि दारात अर्धी चाळ. बाबा इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. रविवार असून. खिशाचं भोक आईने आतून ठिगळ लावून बुजवलं होतं.

आत्याने सराईतपणे रंजनाच्या डाव्या बाजूचे केस केले. एकेक बट नळीवर गुंडाळायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. बट स्प्रिंगसारखी खाली यायची आणि दारातून बायकांचा "अय्या" यायचा. डावी बाजू पुरी झाली तसे तावडेकाका म्हणाले, "केस सुरेख झाले. पण माझा प्रश्न केसांचा नाही. ही तापलेली वस्तू तुम्ही ठेवता कुठे?" बाबा या प्रश्नाची दोन महिने वाट बघत होते. आत्या सांडशी घेऊन बटणाकडे वळली तेवढ्यात बाबांनी ती तिच्या हातातून घेतली. "शालू, तू हो बाजूला. मी दाखवतो." आणि त्यांनी ती थाटात डब्यात ठेवली.

मग बाबा बोलू लागले. आग म्हणजे काय. आगीला तीन गोष्टी लागतात. लाकडाची आग वेगळी, तेलाची वेगळी, विजेची वेगळी. विजेच्या आगीवर पाणी मारणारा माणूस कसा सरळ वर जातो. वाळू का श्रेष्ठ. माझे बाबा घरात इतके सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते. तावडेकाका वहीत लिहून घेत होते. त्यांनी बादलीला हात लावून बघितला आणि मान डोलावली. रंजना अर्ध्या डोक्याने घड्याळ बघत होती. आत्या कोपऱ्यात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, आणि बाबांकडे अशी बघत होती की जणू ते तिची केस लढवणारे वकील आहेत. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. बाबा म्हणाले, "थोडक्यात, या बादलीत ठेवलेली वस्तू कुणालाही इजा करू शकत नाही."

फाट!

वाळूचा एक फवारा तावडेकाकांच्या वहीवर पडला. कुणाला काही कळायच्या आत दुसरा आवाज, मग तिसरा, मग एकदम चार-पाच. दिवाळीत लवंगी माळ डब्याखाली लावावी तशी ती बादली तडतडायला लागली. दारातली अर्धी चाळ ओरडत जिन्याकडे पळाली. कमिटीचा एक सभासद पलंगावर चढला. रंजना स्टुलावरून उडी मारून माझ्यामागे लपली, आणि मी तिच्यामागे लपायला बघत होते. एक काहीतरी सूंऽऽ करत वर उडालं, पंख्याच्या पात्याला टणकन लागलं आणि बाबांच्या सर्टिफिकेटवर आदळलं. "बॉम्ब!" कुणीतरी बाहेरून ओरडलं. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांची नजर बादलीवरून वायरवर गेली, वायरवरून भिंतीवर, आणि भिंतीवर बटणाशी थांबली. बटण चालू होतं. त्यांच्याच नियमांच्या कागदाशेजारी. पहिला नियम.

आत्याने धावत जाऊन बटण बंद केलं. आणखी दोन बार झाले आणि तडतड थांबली. तावडेकाकांनी वहीवरची वाळू झटकली. त्यांचा आवाज एकदम थंड झाला होता. "बटण चालू कुणी ठेवलं?" खोलीत सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? घरच्या कर्त्या माणसाला, युनिफॉर्ममध्ये, चाळीसमोर. आत्याने मान खाली घातली. "माझाच चुकला," ती म्हणाली. "दादांका बोलू नका. हातात यंत्र माझ्या होता." त्या एका वाक्याने ती गावी चालली होती, परत त्या चिकात बोटं घालायला, आणि तिने ते वाक्य दादाच्या युनिफॉर्मसाठी बोललं होतं.

"थांब शालू," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी आधी घसा साफ केला, मग टोपी काढून काखेत धरली. "तावडेसाहेब, लिहून घ्या. बटण मी चालू ठेवलं. ती बंद करायला गेली होती, मीच तिच्या हातातून काढून घेतली. ती रोज न चुकता बंद करते. चूक माझी आहे." बाबांनी आयुष्यात चूक मान्य केलेली मी पहिल्यांदा ऐकली. आईनेही पहिल्यांदा ऐकली असावी, कारण ती अर्ध्या भिंतीपलीकडून बाहेर आली, बाबांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आणि त्यो आठळ्यो माझ्यो."

"कसल्या आठळ्या?" तावडेकाका म्हणाले.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "वाळूत म्हटलंस ती ही वाळू?"

"मग दुसरी वाळू खंय आसा घरात?" आई म्हणाली. "इतकी चाळलेली वाळू नुसती ठेवूची?"

रंजना माझ्यामागून पुढे आली. जमिनीवर फुटलेली एक बी पडली होती, तिने ती उचलून हुंगली. "काकू, हे काय आहे? वास काय भारी येतोय. आणि एक सांगू का, माझं अर्धं डोकं राहिलंय आणि सातला मला सांताक्रूझला पोचायचंय." तेव्हा आम्हा सगळ्यांना तो वास आला. निखाऱ्यावर भाजलेल्या आठळीचा, जरासा करपट, जरासा गोड. पलंगावर चढलेला सभासद खाली उतरला. तावडेकाकांनी रंजनाच्या हातातली आठळी घेतली, फुंकर मारून वाळू उडवली, सालपट काढलं आणि तोंडात टाकली. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. ते बराच वेळ चावत राहिले.

"मीठ आसा?" त्यांनी विचारलं. कमिटीच्या खुर्चीत बसल्यावर त्यांच्या तोंडून गावची भाषा निघालेली चाळीत कुणी ऐकली नव्हती.

आईने बशीत मीठ आणलं. बाबांनी सांडशी बाजूला काढून बादली पेपरवर उपडी केली आणि चार कमिटीवाले, आम्ही चौघं आणि रंजना वाळूतून आठळ्या वेचून खायला बसलो. जिन्याकडे पळालेली चाळ वासाने परत आली. तावडेकाका खाता खाता म्हणाले, "मी काय बघितलं ते सांगतो. बटण वीस मिनिटं चालू राहिलं. गादीवर असती तर आज चाळ गेली असती. इथे बादलीच्या बाहेर काय आलं? वाळू आणि आठळ्या. बादली पास आहे." मग वही उघडून त्यांनी निर्णय लिहिला. परवानगी दिली आहे. अट एक, बादलीत खाण्याच्या वस्तू ठेवू नयेत. अट दोन, यंत्र शालिनीबाईंशिवाय कुणीही हाताळू नये. ही दुसरी अट लिहिताना त्यांनी बाबांकडे बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आत्याने सांडशी पुसली, परत तापवली आणि रंजनाची उजवी बाजू केली. या खेपेला दहा आकडे मोजायचे ती विसरत होती, म्हणून मी शेजारी उभी राहून मोजले. रंजना सांताक्रूझला पोचली, उशिरा पोचली, आणि तिथे म्हणे तिच्या केसांना येणाऱ्या वासाची सगळ्यांनी चौकशी केली.

आता माझ्या नातीकडे केस सरळ करायची इस्त्री आहे. आम्ही कुरळे करायला धडपडत होतो, या सरळ करायला धडपडतात. ती तापलेली इस्त्री खुशाल पलंगावर टाकून फोन घ्यायला जाते. मी ओरडले की म्हणते, "आजी, ऑटो ऑफ आहे ना, आपोआप बंद होते." माझ्या वडिलांचाही स्वतःबद्दल तोच समज होता. मी तिला पावडरचा एक डबा कापून दिलाय. ती त्यात पेन्सिली ठेवते.

त्या रविवारी दिवेलागणीला बाबांनी सर्टिफिकेट खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, आता हे पेटीत जाणार. त्यांनी काचेवरचा डाग धोतराने पुसला आणि ते परत लावलं, फक्त देवांच्या रांगेतून काढून खाली, बटणाच्या शेजारी. मग मला म्हणाले, "सुमे, कार्ड आण. मी सांगतो तसं लिही." मी लिहायला बसले. आत्या दाराबाहेर गॅलरीत, आईने आठळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या जुन्या बादलीत वाळू चाळत होती, पण तिचे कान खोलीत होते हे दिसत होतं. चाळणी हलत नव्हती. बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं:

"तीर्थरूप भाऊस साष्टांग नमस्कार. गणपतीला चौघे येतो. परत चौघे जाऊ. आठळ्या यंदा जास्त ठेवा, आता आमच्याकडे बादल्या दोन आहेत."